धाब्याला कठडा, दिव्याला फ्यूज
वाडी-वस्तीवरचे लहान सौरसंच आणि त्यांची सुरक्षितता



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दुर्गम वस्त्यांसाठी आपल्यापैकी अनेकांनी सौरदिवे, पॅनेल आणि बॅटऱ्या दिल्या. कोणी वाढदिवसाचे निमित्त साधले, कोणी आई-वडिलांच्या स्मरणार्थ दिले, तर काही मंडळ्यांनी उपकारस्तुतीच्या सणाचे अर्पण यासाठी वेगळे ठेवले. दिवा लागला की त्याचा फोटो या पत्रिकेत येतो आणि तो पाहून आपल्या सर्वांनाच समाधान वाटते. या वेळी मात्र मला अशा वस्तूंविषयी लिहायचे आहे ज्या फोटोत दिसत नाहीत. बॅटरीशेजारी बसवलेला फ्यूज, योग्य जाडीची वायर, घट्ट आवळलेला स्क्रू. दिवा किती वर्षे जळेल आणि त्या दिव्याखाली झोपणारे घर सुखरूप राहील की नाही, हे या लहान वस्तूंवर ठरते.

मी इंजिनिअर नाही. वस्त्यांवर फिरताना वायरमन, मोटार मेकॅनिक आणि सौरसंच बसवणारे कारागीर यांच्याकडून जे शिकले आणि पुढे स्वतः पडताळून पाहिले, तेच सोप्या शब्दांत मांडते.

धरण शेजारी, अंधार घरात

कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज तयार होते. आज या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. वांकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. तरीही शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या, कांदाटी खोऱ्यातल्या आणि व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून असलेल्या सुट्या घरांपर्यंत खांब नेणे सोपे नसते. दाट झाडी, चढ, मुसळधार पाऊस आणि दोन-चार घरांची वस्ती. जिथे तार पोहोचली, तिथेही पावसाळ्यात झाड पडले की कित्येक दिवस वीज नसते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सौभाग्य योजनेतही अशा दुर्गम घरांसाठी खांबाऐवजी बॅटरीसह २०० ते ३०० वॅटच्या सौरसंचाची तरतूद होती.

कातकरी कुटुंबांची गरज आणखी निराळी. वर्षातले काही महिने कोळशाच्या किंवा वीटभट्टीवर, काही महिने जलाशयाच्या काठी मासेमारी. त्यांचे घर हलते, तसा दिवाही हलतो. पावसाळ्यात झोपडीत असलेला संच दिवाळीनंतर भट्टीवरच्या पालात जातो, आणि प्रत्येक वेळी वायरी सोडून पुन्हा जोडल्या जातात. धोका तयार होतो तो अशा जोडण्यांतच.

"ह्यात शॉक न्हाय न्हवं?"

पाटण तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर दोन पावसाळ्यांपूर्वी घडलेली गोष्ट सांगते. कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले घर. वर पत्रा आणि माळ्यावर जनावरांसाठी भरलेले वाळके गवत. एका देणगीदार गटाने तिथे पॅनेल, बॅटरी आणि तीन दिवे बसवून दिले होते. वायर पत्र्याच्या काठावरून आत घेतली होती. वाऱ्याने पत्रा हलायचा आणि त्याची धार वायरीवर घासायची. दोन पावसाळ्यांत प्लॅस्टिकचे आवरण कापले गेले आणि आतल्या दोन्ही तारा एकाच वेळी पत्र्याला टेकल्या. बॅटरीपासून पत्र्यापर्यंतची सगळी वायर तापली, आवरण वितळले आणि कुडाने धूर धरला. घरातल्या मावशी परड्यात होत्या म्हणून त्यांना लगेच दिसले. शेजारच्यांनी ओली माती थापून कूड विझवला. ठिणगी माळ्यावरच्या गवतात गेली नाही, ही देवाची कृपा.

मी पोहोचले तेव्हा मावशींनी विचारले, "आवं ताई, ह्यात शॉक न्हाय म्हनत हुता न्हवं? मग आग कशी लागली?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण संच बसवताना बहुतेक ठिकाणी एवढेच सांगितले जाते: "बारा व्होल्ट आहे, हात लावला तरी काही होत नाही." हे वाक्य अर्धेच खरे आहे.

शॉक वेगळा, आग वेगळी

व्होल्ट म्हणजे विजेला ढकलणारा जोर. अँपिअर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारी वीज. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकी किती उंचावर आहे, हा व्होल्ट. नळातून किती पाणी येते, हा अँपिअर. आपल्या कोरड्या त्वचेतून वीज सहज जात नाही. बारा व्होल्टचा जोर तिला त्वचेतून ढकलायला पुरत नाही, म्हणून झटका बसत नाही. पण तांब्याच्या तारेतून किंवा लोखंडी पान्यातून जायला बारा व्होल्ट भरपूर झाले.

बॅटरी म्हणजे थोड्याच उंचीवरची, पण फार रुंद तोंडाची टाकी. ४० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीची दोन टोके थेट एकमेकांना जोडली गेली, तर ती क्षणभरात काहीशे अँपिअर सोडू शकते. तेवढ्याने पाना लाल होतो.

आता धनगरवाड्यावरच्या घरासारख्याच एका संचाचा हिशेब करू. पाच वॅटचे तीन दिवे म्हणजे १५ वॅट. त्याला १२ ने भागले की सव्वा अँपिअर. मोबाइल चार्जिंगचा एखादा अँपिअर धरला तरी संपूर्ण घराची गरज सव्वादोन अँपिअरची. त्यासाठी पाऊण चौरस मिलिमीटरची साधी वायर पुरते, कारण ती सहा अँपिअरच्या आसपास आरामात पेलते. पण बॅटरीपासून पाच मीटरवर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या, तर त्याच वायरीतून ४० ते ५० अँपिअर धावू लागतात. वायर म्हणजे मग शेगडीची तापणारी तार होते आणि ती कारवीच्या कुडाला, गवताला, गोधडीला चिकटलेली असते. बॅटरी रिकामी होईपर्यंत किंवा वायर तुटेपर्यंत हे थांबत नाही. खांबावरची वीज निदान कुठेतरी फ्यूज उडून बंद पडते. इथे फ्यूजच नसेल, तर थांबवणारे कोणी नाही.

फ्यूज म्हणजे कठडा

जुन्या करारात अनुवादाच्या २२व्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करायचा आहे, म्हणजे कोणी पडून जिवाला मुकणार नाही आणि त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. त्या काळी धाब्यावर लोक बसत, झोपत, धान्य वाळवत. पडण्याची शक्यता कोणालाही दिसत होती, म्हणून ती टाळण्याची जबाबदारी घर बांधणाऱ्यावर टाकली. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचा हा सुताराला-गवंड्याला समजेल असा अर्थ आहे. आपण दुसऱ्याच्या घरात संच बसवतो, तेव्हा कठडा करणे हे आपले काम आहे.

फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली जागा. ठरल्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की सर्वांत आधी ती जागा वितळते आणि वाट बंद होते. फ्यूजविषयी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. तो बॅटरीच्या धन टोकाजवळ, एका वितीच्या आत असावा. फ्यूजच्या पुढची वायर सुरक्षित होते. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा उघडाच राहतो, म्हणून तो जितका लहान तितके बरे.

२. त्याचा आकडा घराच्या गरजेपेक्षा जास्त आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी असावा. वरच्या उदाहरणात सव्वादोन अँपिअरची गरज आणि सहा अँपिअरची वायर, म्हणून फ्यूज पाच अँपिअरचा.

३. तो बॅटरीच्या विजेसाठी बनवलेला असावा. मोटरसायकल आणि जीपचे दोन पात्यांचे फ्यूज तालुक्याच्या गावी स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानात मिळतात. ते रंगावरून ओळखता येतात: फिकट तपकिरी पाचचा, लाल दहाचा, निळा पंधराचा. घरात ज्या रंगाचा आहे त्याच रंगाचे दोन जादा फ्यूज डबीत ठेवून द्यावेत.

४. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा, खिळा किंवा गुटख्याच्या पुडीची चंदेरी पट्टी कधीही लावू नये. फ्यूज उडाला म्हणजे त्याने त्याचे काम केले. आधी कारण शोधायचे, मग नवा बसवायचा. नवाही लगेच उडाला, तर संच बंद ठेवून जाणकाराला बोलवायचे.

वायर आणि जोड

दाराच्या घंटीसाठी किंवा स्पीकरसाठी मिळणारी बारीक वायर स्वस्त असते आणि ओढायला सोपी जाते. ती घेऊ नये. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत आणि बॅटरीपर्यंत अडीच चौरस मिलिमीटर, दिव्यांसाठी निदान एक चौरस मिलिमीटर तांब्याची वायर असावी. यात सुरक्षितता आहे, तशी बचतही आहे. बारा व्होल्टमधला एक व्होल्ट वायरीतच हरवला, तर दिवा मंद होतो आणि बॅटरी पूर्ण भरत नाही.

पत्र्यातून किंवा कुडातून वायर आत घेताना ती पाइपच्या तुकड्यातून घ्यावी. पाइपचे बाहेरचे तोंड खाली वळवावे, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत येत नाही. उंदीर वायर कुरतडतात आणि वानरे ओढतात, म्हणून ती मोकळी लोंबकळत ठेवू नये. उन्हात राहणारे साधे प्लॅस्टिक दोन-तीन वर्षांत तडकते. छपरावरच्या भागासाठी उन्हाला टिकणारी सौर केबल घ्यावी.

तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हे आगीचे दुसरे कारण. असा जोड हळूहळू सैल होतो, गंजतो आणि तिथेच तापतो. या ठिकाणी फ्यूजही मदतीला येत नाही, कारण वीज जास्त वाहत नसते. ती एकाच ठिकाणी अडते. म्हणून जोड स्क्रूच्या कनेक्टरमध्येच करावा आणि दर दोन महिन्यांनी संच बंद करून स्क्रू आवळावेत. दिवे लागलेले असताना जोडाजवळ बोट न्यावे. तो गरम लागत असेल तर जोड बिघडला आहे.

धन वायर लाल, ऋण वायर काळी, हा नियम प्रत्येक घरात एकच ठेवावा. लाल वायर नसेल तर टोकाला लाल चिंधी बांधावी. राजस्थानातल्या तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने शाळेची पायरी न चढलेल्या कितीतरी बायकांना सौरदिव्यांचे काम रंगांच्या खुणांवरून शिकवले. आपल्या मावशींनाही ते अवघड नाही.

पॅनेल: उन्हात बंद न होणारे यंत्र

पॅनेलला बटण नसते. ऊन आहे तोवर ते वीज तयार करतच राहते. म्हणून काम करण्यापूर्वी त्यावर घोंगडी टाकावी. जाड, काळी, सगळे पॅनेल झाकणारी. वीज थांबते आणि कामही निवांत होते.

जोडताना क्रम पाळावा: कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. सोडताना उलट: आधी दिवे, मग पॅनेल, शेवटी बॅटरी. कंट्रोलर बॅटरीवरून आपला हिशेब लावतो. पॅनेल आधी जोडले तर तो गोंधळतो आणि कधी कधी जळतोही.

पॅनेलच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पडण्याची. सिमेंटचे पत्रे पावसाने निसरडे आणि उन्हाने ठिसूळ होतात. पॅनेल पुसायला चढलेला मुलगा पत्र्यासकट खाली येऊ शकतो. शक्य असेल तिथे पॅनेल अंगणात खांबावर, खालून काठीला फडके बांधून पुसता येईल इतक्या उंचीवर बसवावे. जत, आटपाडीकडच्या धुळीत ते वरचेवर पुसावे लागते. ते सकाळी लवकर पुसावे. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकू शकते.

बॅटरी कुठे ठेवावी?

आम जागा म्हणजे खाटेखाली किंवा चुलीच्या वरच्या फळीवर. दोन्ही चुकीच्या.

शिसे-आम्लाची बॅटरी भरत आली की तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी, चूल, दिवटी आणि विडी-काडीपासून दूर असावी. तिच्यावर चादर झाकू नये किंवा ती बंद पेटीत कोंडू नये. आत गंधकाचे तीव्र आम्ल असते, म्हणून लहान मुलांचा हात पोहोचू नये.

मग उंच फळीवर ठेवावी का? कोयनेच्या परिसरात नाही. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जुन्या माणसांच्या आठवणीत आहे आणि कोयना-वारणेच्या पट्ट्यात लहान धक्के आजही बसतात. दहा-बारा किलोची, आम्लाने भरलेली वस्तू डोक्यावर नको. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळी, तिच्यावर बॅटरी, भोवती हवा खेळेल अशी जाळीची पेटी आणि भिंतीला पट्ट्याने बांधलेली. ही सर्वांत चांगली जागा.

काम करताना हातातले चांदीचे कडे, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये कडे सापडले, तर ते मनगटावरच तापते. पान्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळावी. बॅटरीत झऱ्याचे किंवा पावसाचे पाणी भरू नये. दुकानातले डिस्टिल्ड वॉटरच भरावे. नवी आणि जुनी बॅटरी एकत्र जोडू नये.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्याही देणगीत येतात. त्या हलक्या आणि टिकाऊ असतात. पण त्यांना त्यांचाच कंट्रोलर लागतो. शिसे-आम्लाच्या कंट्रोलरवर त्या जोडू नयेत. फुगलेली, पडून चेपलेली किंवा भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा भरू नये.

इन्व्हर्टर आला की नियम बदलतो

संच चांगला चालू लागला की टीव्हीची इच्छा होते आणि बाजारातून लहान इन्व्हर्टर येतो. तो बारा व्होल्टचे २३० व्होल्ट करतो. त्या क्षणापासून ही वीज खांबावरच्या विजेइतकीच मारक असते. घरच्यांना मात्र बारा व्होल्टची सवय झालेली असते. उघड्या तारेला हात लावायचे भय गेलेले असते. म्हणून इन्व्हर्टर नेताना घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, बसवून सांगावे: "ह्या पेटीच्या पलीकडची वीज वेगळी आहे. ती जीव घेते."

बारा व्होल्टच्या दिव्यांना नेहमीची तीन पिनांची प्लग-सॉकेट जोडी वापरू नये. कोणीतरी एक दिवस तो दिवा २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसतो. दोन्हींची तोंडे वेगळ्या आकाराची असली की ही चूक होऊच शकत नाही.

पुढे गावात खांब आले, तर इन्व्हर्टरची वायर घराच्या वायरिंगमध्ये परस्पर जोडू नये. वीज गेलेली असताना आपल्या घरातली वीज उलटी तारेवर जाऊ शकते आणि खांबावर चढलेला लाइनमन तिचा बळी ठरू शकतो. दोन्ही वायरिंग वेगळे ठेवावे किंवा परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

सौर कृषिपंपाची गोष्ट याहून निराळी. तिथे अनेक पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात आणि दिवसा वायरीत काहीशे व्होल्ट असतात. ही वीज एकाच दिशेने वाहते, त्यामुळे तार तोडताना उडालेली ठिणगी सहज विझत नाही. घरातला दिवा जोडता येतो म्हणून कोणी पंपाच्या वायरीला हात लावू नये.

वळवाचे दिवस

एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो आणि सड्यावर विजा कडाडतात. उघड्या माळावर खांबावरचे पॅनेल हे सर्वांत उंच टोक असू शकते. लहान संचाला थेट पडणाऱ्या विजेपासून वाचवणारे स्वस्त साधन नाही. तरी दोन गोष्टी करता येतात. पॅनेलची धातूची चौकट जाड तारेने घराबाहेर जमिनीत पुरलेल्या सळईला जोडावी. आपल्याकडचा जांभा दगड कोरडा असतो, म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून तो ओला ठेवण्याची जुनी पद्धत उपयोगी पडते. दुसरे म्हणजे, आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वी पॅनेलची वायर कंट्रोलरपासून सोडावी. गडगडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नये. संच गेला तरी चालेल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देते. वस्तीवर एका तरी मोबाइलमध्ये ते असावे.

जुनी बॅटरी फोडू नका

तीन-चार वर्षांत शिसे-आम्लाची बॅटरी संपते. सांगलीच्या पूर्व भागातल्या उष्णतेत त्याहून लवकर. मग ती परड्यात पडून राहते. जाळ्याला लावायच्या गोळ्यांसाठी आतले शिसे चुलीवर वितळवण्याचा मोह होतो. तो धूर आणि ती राख विषारी असते. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान भरून येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात दिली तर किमतीत सूटही मिळते.

अपघात झालाच तर

- धूर किंवा जळका वास आला तर आधी माणसे बाहेर काढावीत. सहज शक्य असेल तरच बॅटरीची वायर सोडावी. लहान आगीवर कोरडी माती किंवा वाळू टाकावी. इन्व्हर्टर चालू असताना पाणी मारू नये.
- २३० व्होल्टला चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. आधी वीज बंद करावी. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करावा.
- आम्ल डोळ्यात किंवा अंगावर उडाले तर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे आणि थेट आरोग्य केंद्रात न्यावे.
- भाजल्यावर २० मिनिटे वाहते गार पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये.

मंडळ्यांना विनंती

यापुढे संच देताना कृपया बसवणाऱ्याला पाच प्रश्न विचारावेत. बॅटरीजवळ फ्यूज आहे का? वायर किती जाडीची आहे? बॅटरी कुठे ठेवणार? घरातल्या कोणाला फ्यूज बदलायला शिकवले? आणि तीन वर्षांनी बॅटरी संपली की पुढे काय? पाचव्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर एक संच कमी द्या आणि उरलेल्या रकमेतून आधी दिलेल्या संचांची देखभाल करा. चालू राहिलेले सहा दिवे बंद पडलेल्या दहांपेक्षा अधिक उजेड देतात.

आपल्या मंडळीत वायरमन, आयटीआय झालेले तरुण किंवा निवृत्त वीज कर्मचारी असतील, तर वर्षातून दोन दिवस त्यांनी आमच्याबरोबर वस्तीवर यावे. एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीनंतर, कुटुंबे भट्टीवर निघण्याआधी. सोबत मल्टिमीटर, कनेक्टर आणि फ्यूजची डबी आणावी. प्रत्येक वस्तीत एका ताईला आणि एका तरुणाला हे काम शिकवायचे आम्ही ठरवले आहे.

धनगरवाड्यावरच्या त्या घरात आता नवी वायर आहे, ती पाइपमधून आत येते, आणि बॅटरीला फिकट तपकिरी रंगाचा फ्यूज आहे. तसाच तो बाकीच्या घरांतही बसवायचा आहे. एका फ्यूजला साधारण एका चहाइतके पैसे लागतात. त्यासाठी मोठ्या देणगीची गरज नाही. तो बसवायला कोणीतरी डोंगर चढून जायला हवे.

आपल्या प्रार्थना आणि आपली सोबत असू द्यावी.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक कार्यकर्ती